५ इंची फोनसाठी पिच्चर किती बारीक करावा?

गोदाकाठचा | शनिवार, रात्री ९:५०

मंडळी, एक घरगुती प्रश्न आहे.

आमचे अण्णा परभणी जिल्ह्यात, गावाकडं शेतात असतात. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी आली की पाण्याची दारं धरायला आखाड्यावरच, म्हणजे शेतातल्या खोपटातच मुक्काम असतो. मोटर चालू असताना झोपता येत नाही. नेटवर्क एक काडी, ती पण लिंबाखाली उभं राहिलं तरच. म्हणून त्यांच्या जुन्या ५ इंची फोनात ३२ जीबीचं कार्ड टाकून पिच्चर भरून द्यावेत म्हणतोय.

घरात विकत घेतलेल्या डीव्हीडींचं एक खोकं आहे. बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी आहे आणि सप्ताहातल्या कीर्तनांचं मीच केलेलं शूटिंग आहे. एकेक डीव्हीडी ४ ते ७ जीबीची, म्हणजे पाच-सहा बसल्या की कार्ड फुल्ल. एक मित्र म्हणतो ३०० एमबीत बसव, लहान पडद्यावर काही कळत नाही. दुसरा म्हणतो ७२०पी च्या, म्हणजे ७२० ओळींच्या चित्राच्या खाली जाऊच नको. कुणाचं ऐकू? लॅपटॉप जुनाच आहे, व्हिडिओ बारीक करायचं हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलंय.

हुरडा_पार्टी | शनिवार, रात्री १०:०५

पाणी द्यायला गेले आणि पिच्चर बघत बसले, तर वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात जाईल की हो! आधी शेजाऱ्याची परवानगी घ्या.

तूरडाळ | शनिवार, रात्री १०:४०

दोन्ही मित्र चूक.

आधी गणित बघा. फाइल केवढी होणार हे बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) गुणिले वेळ एवढ्यावर ठरतं. अडीच तासांचा पिच्चर म्हणजे ९००० सेकंद. तो ३०० एमबीत बसवायचा तर सेकंदाला सगळे मिळून २६७ किलोबिट हाताशी येतात. त्यातले ६४ आवाजाला दिले की चित्राला २०० उरले. एवढ्यात दोन माणसं ओट्यावर बसून बोलतायत इथपर्यंत निभतं. गाणं सुरू झालं, पाऊस आला, जत्रेची गर्दी आली की चौकटीच चौकटी दिसायला लागतात.

७२०पी वाल्या मित्राला सांगा, आपल्याकडच्या डीव्हीडीवर चित्र असतंच ७२०×५७६ चं. त्याला ओढून १२८०×७२० करणं म्हणजे पाणी घालून दूध वाढवणं. फाइल फुगते, नवीन काहीच दिसत नाही.

मी असतो तर उंची ४८० ठेवली असती, एक्स२६४ (एच.२६४ पद्धतीनं व्हिडिओ दाबणारा एन्कोडर) निवडला असता आणि आरएफ, म्हणजे क्वालिटीचा आकडा, २१-२२ वर सोडून दिला असता. स्लायडर उलटा आहे एवढं ध्यानात ठेवा: आकडा कमी तर चित्र चांगलं आणि फाइल मोठी. हँडब्रेकवाले स्वतः ४८०-५७६ साठी १८ ते २२ सांगतात. अमुक एमबीतच बसवायचा असा हट्ट असेल तर आरएफ सोडून सरासरी बिटरेट द्या आणि टू-पास करा. पहिल्या फेरीत तो सगळा पिच्चर पाहून कुठं किती लागतं ते ठरवतो, दुसऱ्या फेरीत वाटप करतो. चित्राला ५०० आणि आवाजाला ६४ दिले तर अडीच तासांचे साधारण ६३५ एमबी होतात. ३२ च्या कार्डात प्रत्यक्षात २९ च्या आसपास जीबी मिळतात, म्हणजे चाळीसेक पिच्चर आरामात. अण्णांना दोन हंगाम पुरतील.

मांजराकाठ | शनिवार, रात्री ११:१५

एक्स२६४ कशाला राव? एच.२६४ हे २००३ चं मानक. एच.२६५ येऊन पण जमाना झाला, २०१३ ला आलं. निम्म्या जागेत तेच चित्र. एक्स२६५ वापरा, ६३५ चे ३५० होतील.

तूरडाळ | शनिवार, रात्री ११:२५

निम्म्याचं गणित मोठ्या चित्राला. त्याची कमाई मोठ्या चौकटींमधून होते, १०८०पी, ४के ला फरक चांगला पडतो. ४८० ला तेवढा पडत नाही. आणि फोन जुना आहे असं ते स्वतःच म्हणतायत. एच.२६५ उलगडायला त्यात हार्डवेअर नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो. फोन तापणार, बॅटरी मध्यरात्रीच बसणार. आखाड्यावर चार्जर लावायचा तर थ्री फेजच्या पेटीतून वायर ओढायची का?

मांजराकाठ | शनिवार, रात्री ११:३१

हार्डवेअर आहे का नाही हे तुम्हाला कसं माहीत? मॉडेल तर सांगितलंच नाही त्यांनी. दोन मिनिटांचा तुकडा दोन्हीत करून फोनवर चालवून बघायला काय जातंय? १०-बिट (रंगांच्या जास्त छटांचं) मात्र करू नका. एच.२६४ चं १०-बिट तर बहुतेक फोन हार्डवेअरवर घेतच नाहीत.

तूरडाळ | शनिवार, रात्री ११:३४

हे मान्य. तुकडा करून बघा.

अंबाजोगाईची | रविवार, सकाळी ७:२०

तुम्ही सगळे चित्रावरच भांडताय, आवाजाचं कुणीच बोलेना.

आईला टॅबवर पिच्चर भरून दिले तेव्हाची गोष्ट. चित्र स्वच्छ, पण तिचं एकच, "अगं, बोलायलेत ते ऐकूच येईना, आणि गाणं लागलं की दचकायला होतंय." कारण साधं आहे. डीव्हीडीवर बऱ्याचदा ५.१ चा आवाज असतो आणि संवाद मधल्या चॅनेलवर असतात. ते सहा चॅनेल एका बारक्या स्पीकरमध्ये कोंबले की संवाद दबतात, ढोल-ताशे वर येतात. हँडब्रेकच्या ऑडिओ टॅबमध्ये मिक्सडाउन स्टीरिओ करा आणि डीआरसी म्हणून जो आकडा असतो तो दीड ते अडीचच्या मध्ये कुठंतरी ठेवा. बारीक आवाज वर येतो, मोठा खाली बसतो. जुने पिच्चर तर मुळातच मोनो, त्यांना मोनो ६४ पुरे. नव्यांना एएसी प्रकारात ९६ द्या. आवाजातले ३० किलोबिट वाचवून काही पदरात पडत नाही, अडीच तासांत जेमतेम ३४ एमबी.

आणि आवाजाचा ट्रॅक आहे तसा उचलून ठेवू नका. एसी३, डीटीएस असे प्रकार फोनमधले बरेच प्लेयर वाजवत नाहीत. चित्र पळतं, आवाज गायब. व्हीएलसी प्लेयरमध्ये बहुतेक सगळं वाजतं, पण अण्णा व्हीएलसी उघडतील का फोनमधलं जे असेल ते?

बिंदुसरा | रविवार, सकाळी ८:०५

ताईला पूर्ण अनुमोदन.

मी बीडचा. माझे आईबाप उसाला जायचे. दिवाळी झाली की गाडी भरायची आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या हद्दीत कोपी, म्हणजे झोपडी. मी सुट्टीत जायचो तिकडं. टोळीतल्या एकाच्या फोनात मेमरी कार्ड असायचं, तालुक्याच्या बसस्टँडसमोरून भरून आणलेलं. फोन पाण्याच्या कळशीला टेकवून ठेवायचा आणि समोर दहा-बारा माणसं. मागं बसलेल्याला पडदा दिसायचाच नाही. तो कानानंच पिच्चर बघायचा. कोण आलं, कोण गेलं, सगळं आवाजावर. एकदा कुणीतरी कार्ड भरून आणलं त्यात आवाज फुटका निघाला, तर पाच मिनिटांत सगळे उठून झोपायला गेले. चित्र त्याच्याआधी कित्येक महिने फुटकंच होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

म्हणून म्हणतो, जागा कमी पडली तर चित्रातली काढा. आवाजाला हात लावू नका.

नीट_रिपीटर | रविवार, सकाळी ९:३०

लातूरला होस्टेलवर फक्त बटनाचा फोन चालतो. स्क्रीन २४०×३२०. त्यात कसा बसवायचा?

हुरडा_पार्टी | रविवार, सकाळी ९:३४

आधी सिलॅबस बसव लका.

तूरडाळ | रविवार, सकाळी ९:५०

हाहा. पण प्रश्न खरा आहे म्हणून उत्तर देतो. ३२०×२४०, एमपी४, फ्रेमरेट जास्तीत जास्त २५, आणि एच.२६४ चं सगळ्यात साधं, बेसलाइन प्रोफाइल. तरी नाही चालला तर ३जीपी, जुन्या फोनांची फाइल. आमच्या कॉलेजात ३जीपीचं राज्य होतं. १७६×१४४ चं चित्र, सेकंदाला १५ फ्रेम. हिरो कोणता आणि व्हिलन कोणता हे शर्टाच्या रंगावरून ओळखायचं. आता परीक्षा होईपर्यंत इकडं फिरकू नकोस.

जुना_ऑपरेटर | रविवार, दुपारी १:१०

मी जालन्याकडच्या एका टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवायचो. ३५ एमएमचं दोन हजार फुटी रीळ बावीस मिनिटांत संपायचं, तेवढ्यात दुसऱ्या मशीनवर पुढचं तयार पाहिजे. प्रोजेक्टरच्या दिव्याचा कार्बन विझला की पब्लिकच्या शिट्ट्या सुरू. त्या पडद्यावर बघितलेला पिच्चर तुम्ही तळहातावर बघणार, हे काही मला पटत नाही. पण आखाड्यावर टॉकीज कुठून आणणार? म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, चित्र ताणू नका. जुने मराठी पिच्चर जवळजवळ चौकोनी, ४:३ च्या घरातले. फोन लांबडा. पोरं "फुल स्क्रीन" करतात, मग माणसं आडवी सुटतात किंवा डोकी कापली जातात. फेट्याचा तुराच दिसत नसेल तर तमाशाचा पिच्चर बघून उपयोग काय? दोन्ही बाजूला काळं राहू द्या. स्कोपच्या, म्हणजे रुंद पडद्याच्या पिच्चरला वर-खाली काळं असतं, ते मात्र बनवतानाच कापून टाका. काळ्या पट्टीला फारशी जागा लागत नाही, पण तिच्या काठावर चित्र घाण होतं.

दुसरी, अण्णा बघणार रात्री, अंधारात, ब्राइटनेस कमी करून. अंधारात अंधाराचे प्रसंग सगळ्यात वाईट दिसतात. कंदिलाच्या उजेडातला वाडा असला की भिंतीवर चौकोनी डाग नाचतात. दुपारी उन्हात तोच पिच्चर बघितला तर एक डाग दिसत नाही. तेव्हा तपासायचं तर रात्री दिवा बंद करून तपासा.

तूरडाळ | रविवार, दुपारी १:४५

काका, हे भारी सांगितलंत. मग गोदाकाठचा, दोन मिनिटांचा तुकडा घ्याल तो सगळ्यात अंधाराचा घ्या आणि दुसरा सगळ्यात धावपळीचा. हँडब्रेकमध्ये चॅप्टरऐवजी सेकंद निवडता येतात. अंधाराचे प्रसंग जास्त असतील त्या पिच्चरला आरएफ १९-२० द्या, बाकीच्यांना २२. सगळ्यांना एकच माप लावायचं काही कारण नाही.

काकांच्या पहिल्या मुद्द्याला जोडून एक. डीव्हीडीतले पिक्सेल चौरस नसतात. ७२०×५७६ हेच चित्र कधी ४:३ असतं, कधी १६:९. फाइलमध्ये तशी नोंद असते, पण काही प्लेयर ती वाचतच नाहीत. तेव्हा अॅनामॉर्फिक (पिक्सेल ताणून दाखवायची सोय) बंद करून थेट ६४०×४८० किंवा ८५४×४८० काढा.

अंबाजोगाईची | रविवार, दुपारी २:२०

लग्नाच्या डीव्हीडीत हाताच्या, साडीच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसतात, त्या कशानं जातात? फोनवर तर फारच डोळ्यावर येतात.

मांजराकाठ | रविवार, दुपारी २:४५

ते इंटरलेसचं. तेव्हाचे व्हिडिओवाले ज्या कॅमेऱ्यांवर शूट करायचे ते सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम घेत, एकदा सम ओळी, एकदा विषम. टीव्हीवर ते मिसळून जायचं. फिल्टर टॅबमध्ये डीइंटरलेस चालू करा, यादिफ किंवा डीकॉम्ब कोणतंही. हे न करता कॉम्प्रेस केलं तर त्या रेषाच सगळा बिटरेट खाऊन टाकतात. पिच्चरच्या डीव्हीडीला मात्र डोळे झाकून लावू नका, आधी रेषा आहेत का बघा.

लग्नाची मूळ डीव्हीडी जपून ठेवा एवढं सांगतो. त्या डिस्क वर्षांनुवर्षं टिकतीलच असं नाही. आहे तशी एक प्रत हार्ड डिस्कवर राहू द्या आणि बारीक करायची ती वेगळी. बारीक केलेल्याला पुन्हा बारीक करू नका, दरवेळी मुळापासून काढा.

देगलूरकर | रविवार, संध्याकाळी ६:३०

आमच्याकडं अर्धं गाव तेलुगू पिच्चर बघतं, सीमेवरच आहोत. मला तेलुगू येतं, बायकोला येत नाही. तिच्यासाठी मराठी सबटायटल मीच टाइप करायला घेतली. वेगळी फाइल जोडली की फोनमधला प्लेयर जोडाक्षरांची वाट लावतो, वेलांट्या भलतीकडं जातात. शेवटी चित्रातच भाजून टाकली, अक्षरं मोठी करून. ५ इंचावर बारीक अक्षर वाचताना पिच्चर पुढं निघून जातो. एक फायदा असा की जीभ चावेल असे संवाद तिच्यापर्यंत पोचतच नाहीत, मी टाइपच करत नाही.

हुरडा_पार्टी | रविवार, संध्याकाळी ६:४१

सेन्सॉर बोर्ड देगलूर विभाग.

पूर्णा_जंक्शन | रविवार, रात्री ८:१५

एवढा खटाटोप कशाला? ओटीटीच्या अॅपमध्ये डाउनलोडची सोय असते, क्वालिटी कमी ठेवा. मी तपोवन एक्सप्रेसमधून मुंबईला जाताना तेच करतो. मानवत रोड ते परतूर नेट असून नसल्यासारखं, तरी पिच्चर अखंड चालतो.

तूरडाळ | रविवार, रात्री ८:३०

प्रवासाला ठीक आहे. पण ते डाउनलोड अॅपच्या कुलपात असतं, बाहेर काढता येत नाही, बारीकही करता येत नाही. ठरावीक दिवसांनी त्याला पुन्हा नेट दाखवावं लागतं. अण्णांनी दर वेळी लिंबाखाली उभं राहायचं का?

पूर्णा_जंक्शन | रविवार, रात्री ८:४४

मग कार्ड भरून देणारी दुकानं काय मेली? तो पोरगा पन्नास पिच्चर दहा मिनिटांत टाकतो.

मांजराकाठ | रविवार, रात्री ९:००

तो धंदा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गुन्हा आहे, आणि टॉकीजमध्ये चोरून शूट केलेल्याला तर सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीत तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख दंड. इथं त्याच्या वाटा विचारू नका, सांगू नका. विकतच्या डीव्हीडीचं कुलूपही हँडब्रेक स्वतः तोडत नाही. ज्या डिस्क उघडत नाहीत त्या सोडून द्या. कुलूप फोडण्याबद्दल कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून वेगळं कलमच आहे.

बिंदुसरा | रविवार, रात्री ९:२०

कायदा बरोबर आहे साहेब. पण कोपीवर त्या काळात दुसरं काय मिळत होतं, तेही लिहा कुणीतरी. टॉकीज वीस किलोमीटरवर आणि कोयता पहाटे चारला.

जुना_ऑपरेटर | रविवार, रात्री ९:४०

हेही खरंय. आणि टॉकीज बंद पडायला एकटं मेमरी कार्ड कारणीभूत नाही. आमच्या बाल्कनीत पंखे नव्हते, मे महिन्यात कोण येणार?

गोदाकाठचा | सोमवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. काल रात्री पहिले तुकडे काढले. त्यात लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी नावालाच आहे, बंद पडला. अर्धवट झालेली एमपी४ उघडतच नाही. हे नेहमीच होणार का?

तूरडाळ | सोमवार, रात्री १०:३०

होणार. एमपी४ मध्ये कोणता तुकडा कुठं आहे याची यादी सगळ्यात शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली की यादीच नाही, मग प्लेयरला काही सापडत नाही. एमकेव्ही करा, ती अर्धवट राहिली तरी जेवढी झाली तेवढी दिसते. पण पूर्ण करायला पुन्हा पहिल्यापासूनच सुरू करावं लागतं, तेव्हा जमलं तर यूपीएस. रात्रीच रांग लावून सोडा. दुपारी आपल्याकडं पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप इतका तापतो की स्वतःच वेग कमी करतो. खाली गादी, उशी ठेवू नका, फरशीवर ठेवा आणि मागून दोन पुस्तकं लावून उचला.

अंबाजोगाईची | सोमवार, रात्री १०:५०

फोनच्या प्लेयरला एमकेव्ही झेपत नसेल तर नंतर तीच एमपी४ च्या डब्यात नुसती बदलून घेता येते, पुन्हा कॉम्प्रेस न करता. एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरने मिनिटभरात होतं.

गोदाकाठचा | गुरुवार, रात्री ९:१०

झालं. फोनमध्ये एच.२६५ अडखळलं, म्हणून एक्स२६४ वर आलो. ४८० उंची, अंधाराच्या पिच्चरला आरएफ २०, बाकीच्यांना २२, आवाज एएसी ९६ आणि डीआरसी २. पिच्चर साधारण ६०० ते ९०० एमबीत बसतात. कीर्तनाला आरएफ २४ वर सोडलं, बुवा एकाच जागी उभे असतात, फाइल एवढीशी होते. अण्णांना रात्री आखाड्यावर नेऊन दाखवलं. चित्राबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मोटरचा आवाज असूनही बोलणं ऐकू येतंय म्हणाले.

त्यांची एकच मागणी आहे. पिच्चरचे दोन भाग करून पाहिजेत, इंटरव्हलला तोडून. पहिला भाग संपला की आपोआप थांबला पाहिजे, म्हणजे उठून पाणी दुसऱ्या सरीला लावायचं ध्यानात राहतं.

जुना_ऑपरेटर | गुरुवार, रात्री ९:२५

एवढ्या वर्षांत इंटरव्हलची किंमत कळलेला पहिला प्रेक्षक.

हुरडा_पार्टी | गुरुवार, रात्री ९:२८

शेजारी वाचला.

पूर्णा_जंक्शन | गुरुवार, रात्री ९:४०

कार्ड कुठून घेतलं? मी बाजारातून ६४ चं स्वस्तात आणलं, वीसेक पिच्चर टाकले की पुढचे उघडेनात. फाइल दिसते, आकारही दिसतो, चालवली की काळा पडदा.

मांजराकाठ | गुरुवार, रात्री ९:५५

नकली आहे ते. आत १६ जीबीच असणार, वर ६४ चं लेबल आणि आतल्या चिपला ६४ सांगायला शिकवलेलं. भरत जातं, पण १६ च्या पुढचं कुठंच लिहिलं जात नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. कार्ड रिकामं करून त्यानं पूर्ण भरून परत वाचून बघा, खरा आकडा समोर येईल. आणि नवीन घेतलं तरी पिच्चर टाकायच्या आधी हेच करा.